ऑपेऱ्यातला टँकर

वाळूजच्या कंपन्यांतले इंजिनिअर संध्याकाळी माझ्याकडं जर्मन शिकायला यायचे. त्यांच्याच ओळखीतून तो दिग्दर्शक माझ्या गळ्यात पडला. उंच, टकला आणि सदा खूश. जर्मनीहून गायक-वादक घेऊन तो आमच्या शहरात ऑपेरा करायला आला होता, आणि दुभाषी म्हणून मला नेमलं होतं.

ऑपेरा जुना होता. एक राजकन्या, तिचा हेकट बाप, आणि बापाला नापसंत असलेला प्रियकर. शेवटी राजकन्या विष घेते आणि बराच वेळ गात गात मरते. मला वाटलं, आता महाल उभा राहील, मखमली पडदे लागतील. पण ते दुष्काळाचं वर्ष होतं. जायकवाडी तळाला गेलं होतं, शहर मात्र चारी बाजूंनी वाढतच होतं. हर्सूलच्या पुढं आमची कॉलनी नवी होती. घरं होती, नळ नव्हते. शहर बघायचं म्हणून त्याला फिरवताना आमच्या कॉलनीतली टँकरपुढची रांग त्याला दिसली आणि त्यानं टाळ्याच वाजवल्या.

"हाच आपला राजवाडा!"

राजा म्हणजे टँकरचा मालक. दरबार म्हणजे रांग. आणि राजकन्या टँकरच्या टपावर उभी राहून गाणार.

"लोकांना राजवाडा बघायचाय," मी म्हटलं. "रांग ते रोज बघतात, तीही उन्हात."

"म्हणून तर त्यांना हा ऑपेरा कळेल," तो म्हणाला.

रांगेत उभं राहायला आमच्या कॉलनीतलं भजनी मंडळ तयार झालं. रंगीत तालमीला सगळ्या बायका पैठण्या नेसून, नथी घालून, गजरे माळून आल्या. दिग्दर्शकानं डोळे मिटून घेतले आणि मला म्हणाला, "यांना सांग, पाणी नसलेली माणसं अशी दिसत नाहीत."

मी सांगितलं. मंडळाच्या प्रमुख मावशी उसळल्या.

"त्याला म्हणावं, नळाला पाणी नाय, कपाटात साड्या हायेत आमच्या. चार लोकांत जायचं अन् फाटकं नेसायचं व्हय?"

हे मी शब्दशः जर्मनमध्ये सांगितलं. तो भांडेल असं वाटलं होतं, पण त्याचा चेहरा उजळला. "भरजरी तहान! हे मला का सुचलं नाही?" पैठण्या राहिल्या. या माणसाला नाही म्हणायची सोयच नव्हती. प्रत्येक अडचण त्याला कल्पना वाटायची.

टँकर मीच ठरवला, आमच्या कॉलनीत यायचा तोच. ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा बजावलं, "आधी कॉलनीत पाणी दे, मग रिकामा टँकर घेऊन इकडं ये."

"फिकर नका करू मॅडम."

प्रयोग एका कॉलेजच्या उघड्या रंगमंचावर होता. टँकर वेळेवर आला, पण खालून टपटप गळत होता. मी ड्रायव्हरला गाठलं. "रिकामा आणायचा होता ना?"

"विहिरीवर लाइट नव्हती, भरायलाच उशीर झाला. तुमचं गाणं आटपलं की जातो की कॉलनीत. घंटाभराचं तर हाय."

ऑपेरा तीन तासांचा होता.

दुसऱ्या अंकात राजकन्या टपावरून बापाला विनवत होती, तेवढ्यात फाटकातून आमची कॉलनी आत शिरली. हंडे, बादल्या, स्कूटरवर बांधलेले ड्रम, आणि सगळ्यांच्या पुढं आमच्या शेजारचे काका, कचेरीतून निवृत्त झालेले. वादकांच्या मधून "माफ करा हं, माफ करा" म्हणत त्यांनी पाइप रंगमंचावर नेला. भजनी मंडळानं पदर खोचले आणि आपापल्या घरच्या माणसांना हाका मारून रांगेत पुढं घेतलं. काळा चष्मा घातलेला राजा बिचारा आपलं गाणं सोडेना. हात पसरून टँकरसमोर उभा राहिला आणि 'हिला कुणाच्या हाती देणार नाही' हे खर्जात गायला लागला.

"ओ चष्मेवाले," काका गरजले, "आज आमचा नंबर आहे!" आणि त्यांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं.

प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी दिग्दर्शकाकडं धावले, "थांबव हे!" त्यानं माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. "एवढ्या माणसांचा प्रवेश बसवलास, आणि मला सांगितलंही नाहीस!"

राजकन्या विष घेऊन मरायला लागली तेव्हा मावशींनी खालून तांब्या वर दिला. "पी बाई, घसा सुकला आसंल." ती खरंच घटाघटा प्यायली आणि मग मेली.

दुसऱ्या दिवशी त्याला तीच माणसं पुन्हा हवी होती. मी सरळ सांगितलं, "ते नट नाहीत, त्यांना पाणी हवं होतं." तो म्हणाला, "अगदी बरोबर, तेच दिसलं!" मी कपाळाला हात लावला आणि ड्रायव्हरला दम दिला, आज थेंबही नको.

संध्याकाळी गर्दी दुप्पट. निम्मे लोक घागरी घेऊन आले होते. जर्मन लोक पाणी वाटतात असं कुठल्याकुठल्या कॉलन्यांत पसरलं होतं. "घागरीला येगळं तिकीट का?" असं फाटकावर विचारत होते. प्रयोग सुरू झाला तसं एकानं टँकरवर थाप मारली. ठण्ण आवाज झाला आणि बोंबाबोंब सुरू झाली.

"काय म्हणतायत?" दिग्दर्शकानं आनंदानं विचारलं.

मी सगळं सांगितलं, शिव्यांसकट. त्याचा चेहरा पहिल्यांदाच पडला. त्यानं प्रयोग थांबवला आणि टँकर भरून आणायला पाठवला. आधी पाणी वाटलं गेलं, रांगेत, शिस्तीत. घागरी भरल्या तसे लोक घरी गेले. उरलेला ऑपेरा भजनी मंडळ, काका आणि दहा-बारा माणसांसमोर झाला.

शेवटी काका माझ्याजवळ आले. "आवाज चांगला आहे पोरीचा. पण रोज मरायची गरज काय? बापाला समजावायला घरात कुणी वडीलधारं नव्हतं का?"

दिग्दर्शक उत्सुकतेनं माझ्याकडं बघत होता. "काय म्हणाले?"

"आवडलं म्हणाले," मी म्हटलं. खरं सांगितलं असतं, तर त्यानं काकांनाच ऑपेऱ्यात घेतलं असतं.