कॉलराबाई आणि दक्षिणेकडे तोंड केलेले देव

आमच्या घरी आली की ती आधी भिंत हुंगायची, मग चहा. वरच्याच मजल्यावर राहायची, सांगलीची पोर. इथे हॅम्बर्गला पीएचडी करत होती आणि विषय काय, तर गिरण्यांच्या काळातली इंग्लंडमधली शहरं अन् तिथली रोगराई. माझा मुलगा तिला कॉलराबाई म्हणायचा. माझ्या सहा वर्षांच्या नातीला, मनवाला, ते जर्मनमधलं कोलराबी ऐकू यायचं. तिला वाटे, हिचं नावच नवलकोल आहे.

संशय तिच्या अंगातच. नळ जरा वेळ वाहू दिल्याशिवाय पाणी घ्यायची नाही. तळघरात सायकल ठेवायला गेली तरी टॉर्च मारून कोपरे बघून यायची. मी हसले तर म्हणे, "काकू, तिकडे असल्याच तळघरांत अख्खी कुटुंबं राहायची. सगळ्या गल्लीला एक संडास. पोरं खोकून खोकून गेली, की मालक म्हणायचा, ह्यांच्या सवयीच घाणेरड्या."

त्या हिवाळ्यात मनवाचा खोकला हटत नव्हता. आणि आम्ही दोघी झोपायचो त्या खोलीत उत्तरेच्या भिंतीवर काळी बुरशी धरली होती. घरमालकाने आधीच ऐकवलं होतं, तुमच्या फोडण्या, हीटरवर वाळणारे तुमचे कपडे, तुम्ही ल्युफ्टन करत नाही, म्हणजे खिडक्या उघडून हवा खेळू देत नाही. खोटंही नव्हतं हो. गार वारं लागेल म्हणून मीच खिडक्या लावून बसायचे. शरमेने मी देवांचं छोटं कपाट ओढून डागांपुढे लावलं. देवांमागे कोण डोकावणार?

संकष्टीला कॉलराबाई मोदकाला आली. हात जोडले आणि तशीच थबकली.

"काकू, देव दक्षिणेकडे तोंड करून कधीपासून बसायला लागले?"

जागा नाही गं, असं काहीतरी मी पुटपुटले.

"जागा आहे. तुम्ही काय लपवताय?"

दोघींनी कपाट सरकवलं. तिने आधी मनवाच्या गादीकडे बघितलं, मग भिंतीला खाली, जमिनीलगत हात लावला. "खिडकी लावता ते चूकच. पण तुमच्या कपड्यांनी भिंत खालून वर कशी भिजेल?"

मालकाला पत्र तिनेच लिहिलं, फोटोंसकट. माणसं आली, भिंत फोडली; आतला पाइप कधीचा पाझरत होता. वसंतापर्यंत मनवाचा खोकला गेला.

पुढे कॉलराबाईला कोलोनला नोकरी लागली. निघताना तिने मला घट्ट मिठी मारली, आणि माझ्या खांद्यावरून तिची नजर हीटरवर गेली. तिथे मनवाचा एकच ओला मोजा होता.

"काकू," ती म्हणाली.

मी खिडकी उघडली.