एकाची तार, चाराची तार

नोटबंदीच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. आमची मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मायक्रोप्रोसेसरचा पेपर एकदा गेला होता. या खेपेला गेला असता तर वर्षच बुडालं असतं. पेपर सोमवारी, आणि शुक्रवारी ती वेवजीला, आमच्या गावच्या घरी, पुस्तक पोटाशी धरून बसलेली. पॅरलल बस म्हणजे शेजारी शेजारी आठ तारा, आठ बिट एकदम, एवढं वाक्य तिला पाठ होतं. पुढचं काही विचारलं की डोळे भरायचे.

अशा वेळी बापाने गप्प बसावं. मी बसलो नाही. अच्छाडला एका मित्राचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस बंद झालं, तेव्हा त्याने तिथला जुना कॉम्प्युटर आणि सुयांनी टकटक छापणारा प्रिंटर माझ्या गळ्यात मारला होता. त्याची जाड केबल म्हणजे पॅरलल बसच, हे पोरीनेच कधीतरी सांगितलेलं. म्हटलं, "चल बाय, प्रत्यक्षच दाखवतो."

प्रिंटर सुरू झाला तशी बायको चुलीकडून आली. "अहो, हा पत्र्याचा कारखाना ओटीवर न्या."

कॉम्प्युटर आतच ठेवून प्रिंटर बाहेर न्यायचा, तर केबल ओटीपर्यंत पुरेना. वाडीत पंपाची वायर कमी पडली तर आम्ही काय करतो? कापतो, मध्ये तुकडा घालतो, पीळ देतो, वर काळी टेप. तीस वर्षं हेच करत आलोय. कापली केबल. आत पंपासारख्या तीन नाही, दीड डझनाच्या वर तारा निघाल्या, केसासारख्या बारीक. तांबडी कुठली नि नारिंगी कुठली हे चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, आणि पोरीसमोर चष्मा मागायचा मला कमीपणा वाटला.

जोडून झाल्यावर तिने एक ते नऊ आकडे छापायला पाठवले. कागदावर आलं: चार, दोन, सहा, एक, पाच, तीन, सात, आठ, आणि नवाच्या जागी टोकदार कोनासारखी एक खूण.

"प्रिंटर म्हातारा झालाय," मी म्हणालो.

"म्हातारा असता तर दरवेळी वेगळं चुकला असता, पप्पा. हा तेच तेच चुकतोय." तिने परत छापलं. तेच आलं. "पण मग पाच बरोबर कसा आला?"

पेन्सिल घेऊन ती जमिनीवरच बसली. आकडा नेणाऱ्या तारा आठच, आणि प्रत्येकीला तिची किंमत, एक, दोन, चार, आठ, अशी दुप्पट. तीन म्हणजे एकाची नि दोनाची तार चालू. "इथे एकाच्या जागी चाराची चालू होतेय. चार नि दोन सहा. पाचाला एकाची नि चाराची, दोन्ही लागतात, म्हणून अदलाबदल झाली तरी पाचच." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही एकाची तार चाराला जोडलीय नि चाराची एकाला."

"आणि नऊ?" मी परीक्षकासारखा विचारता झालो.

"आठ नि एक नऊ. इथे आठ नि चार, बारा. आकडे नवावर संपतात. पुढच्या जागांवर दुसऱ्याच खुणा असतात."

मी टेप उचलली, तर तिने हात धरला. "सोमवारपर्यंत हात लावायचा नाही."

शनिवारभर ती आधी काय उमटेल ते वहीत लिहायची, मग छापायची. इंग्रजीत वेवजी लिहिलं तर एस, ई, एस, जे, एल येणार, असं तिने लिहिलं, आणि तेच आलं. रविवारी जेवताना तिने आपणहून सांगितलं की आठही तारांवरचं एकदम पोचलं पाहिजे. केबल फार लांब झाली की एखादी मागे पडते आणि प्रिंटर भलतंच वाचतो. "अजून तीस फूट वाढवली असती ना, तर नुसता कचरा छापला असता."

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. पेपरात पॅरलल बसचीच आकृती काढायला आली होती, तिने सगळ्या तारांना किमती घातल्या.

"म्हणजे पास होशील?"

"होईन, पप्पा," ती म्हणाली, इतकं सहज की पुन्हा विचारायची गरजच नव्हती. तरी मी विचारलं.