लहानूभाऊजीची बाभळीची मोटार

माह्या भाऊजीएवढा हट्टी माणूस अख्ख्या आर्वीत नव्हता. हे मी साळा म्हणून सांगत नाई, सारेच सांगत. लहानू त्याईचं नाव. माही मोठी बहीण तानाबाई त्याईले देलती. जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते शाफ्टाईले अन् पुलीईले तेल घालत. सदऱ्याले तेलाचा वास, मिशीले तेलाचा वास. भाजीत तेल कायले टाकता, भाऊजीचं बोट बुडवा, असं मी चिडवायचो. ते नुसते हसत. लय भला माणूस.

छप्पन साली आम्ही सारे नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलो. घरातले देव टोपलीत भरले अन् नाल्यावर नेले. त्या टोपलीत भाऊजीनं जिजीचा लाकडी नंदी बी टाकला. जिजी त्याईची एकुलती एक पोरगी. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा रायते. मोठ्याईचे बैल आदल्या दिवशी, अन् पोराईचे चाकावरचे लाकडी नंदी त्या दिवशी. जिजीचा नंदी भाऊजीनंच कोरून देलता. पण महादेवाचा नंदी आता आपल्या घरी कायले, असं त्याईचं म्हणणं.

देव बुडाले. नंदी लाकडाचा, तो तरंगत गेला. पोरगी काठाकाठानं त्याच्या मागं पळत गेली, अन् बोराटीत अडकून रडत बसली. भाऊजीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पोरीले एक शब्द इचारला नाई, हे काई बरं केलं नाई. त्या दिवसापासून जिजीनं बापाशी बोलणं टाकलं. बाप समोर बसला असला तरी मायले म्हणे, "त्याले सांग, भाकर थंडी होऊन राह्यली." खाण तशी माती, दुसरं काय?

भाऊजी वरून हसत, पण आतून पार खचले. एकडाव मले म्हणाले, "प्रेमदास, दिवसभर जिनाचा खडखडाट आयकतो अन् घरी येतो, तं घरात आवाजच नाई रे." मले लय वाईट वाटलं.

दुसऱ्या साली पोळा जवळ आला अन् त्याईनं ठरवलं, पोरीले मोटार करून द्याची. "मोटारीचा कोणी देव नाई," म्हणे. "अन् पळन बी नंदीपेक्षा जोरात." जिनामागं मोठा उतार होता. नंदी मिरवून झाले का पोरं त्या उतारावरून ते सोडत, अन् खालच्या लिंबापाशी ज्याचा आधी जाईन तो जिंकला. जिजी तिथं जिंकली तं बोलन, एवढंच भाऊजीच्या डोक्यात.

जिनाच्या मालकाची मोटार पाहू पाहू त्याईनं बाभळीचं धड कोरलं. नाक निमुळतं केलं, बुडाले वजन ठेवलं. बाभळीचीच चाकं घासून गोल केली अन् लोखंडी दांडीवर घट्ट ठोकली, पुली शाफ्टावर असते तशी. दांडी फिरन तं चाक फिरन. तेल तं असं पाजलं का बोट लावलं तरी मोटार पुढं पळे. जिजी दारात बसून सारं पाहे. चाकं ठोकतानी तिनं तोंड उघडलं, अन् मिटून घेतलं.

"पळली नाई तं सरपण तं होईन," तानाबाई म्हणाली. पण कपाळावरचा घाम पुसाले पदर तिनंच पुढं केला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी उघाड होती. उतारावर नंदीची रांग लागली. पोराईले खाऊ वाटाले किराणावाले वासुदेवराव होते. "नंदीच्या रांगेत मोटार?" ते म्हणाले, अन् भाऊजीचं तोंडच उतरलं. वासुदेवरावानं मोटार उलटी करून पाह्यली. "चाकं तं हायेत. लावा तिकडं कडेले."

भाऊजीनं मोटार पुढं केली. जिजीनं त्याईच्याकडं न पाहता घेतली, अन् सोडली.

काय पळाली सांगू! नंदी पार मागं पडले. अर्धा उतार ती एकटीच पुढं. मंग डावीकडं सरकाले लागली, अजून सरकली, अन् सरळ नालीत. दगडावर आपटून धड इकडं, चाकं तिकडं. पोरं खिदळली. भाऊजी धावत खाली गेले, नालीत उतरले अन् तुकडे वेचाले लागले. मले वाटलं, गेली मोटार, अन् पोरगी बी गेली.

मी खाली पोचलो तं जिजी माह्या आधीच तिथं. नालीच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी.

"बा, चाक सैल लागते," ती म्हणाली. "बैलबंडीचं पाह्यलं नाई का तुनं? कणा जाग्यावर रायते, चाक फिरते. तुनं तं दोनी चाकं दांडीले जाम करून टाकली. एक चाक जरासं लहान असलं का वळलीच ना मंग."

भाऊजी चिखलात तसेच बसून राह्यले. "तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग काऊन सांगतलं नाई, माय?"

"सांगतलं असतं तं तुह्याशी बोला लागलं असतं."

भाऊजी हसाले लागले, अन् हसता हसता त्याईचे डोळे वाहाले लागले. तेलकट हातानं पुसले तं सारं तोंड काळं झालं.

"बरं," ते म्हणाले, "अजून माह्यं काय काय चुकलं, ते बी सांगून टाक."

जिजी नालीत उतरून त्याईच्या बाजूले बसली.

"लय हाय," म्हणे.