नूरियाची मडकी

नूरियाने बाटली उन्हात धरली आणि उलटी केली. आतलं औषध हललं नाही. तिने दुसरी काढली, तिसरी काढली, मग पेटीतल्या बर्फात कोपरापर्यंत हात घालून तळाच्या बाटल्याही वर आणल्या. सगळ्या गोठलेल्या.

"मावशी," ती मला म्हणाली, "ही सुरमई नाही."

तिच्यामागे हनानची आई उभी होती. तिला आमचं हिंदी-मराठी कळत नव्हतं, पण नूरियाने पेटीचं झाकण लावलं ते तिला कळलं. तिने एकच शब्द विचारला, "खलास?" ती बाई तापलेल्या मातीत खाली बसली.

ही ओमानची हद्द. पलीकडे येमेन. तिथे वर्षानुवर्षं लढाई चालली आहे, आणि नूरियाचा दोन खोल्यांचा दवाखाना त्यातच चालतो. हनान तिथे खाटेवर पडली होती. शाळेत जाणारी पोर, तिच्या अंगात इन्सुलिन तयार होत नाही, रोज टोचावं लागतं. दवाखान्यात उरलेलं इन्सुलिन त्या दुपारपर्यंत पुरणारं होतं. तिला अलीकडे आणायचं तर कागदांना आठवडा लागला असता, आणि तिच्याकडे आठवडा नव्हता. म्हणून आम्ही मस्कतहून पेटी घेऊन आलो होतो. आणि पेटीतलं औषध मेलं होतं, इन्सुलिन एकदा गोठलं की वितळूनही उपयोगाचं राहत नाही.

दापोलीकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं घर सोडून इथे आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी चौथी शिकले. माझी आई मासळी विकायची. बर्फ कमी मिळाला तर ती बंदरावर असं भांडायची की खलाशी बाजूला व्हायचे. आमच्या घरात बर्फावर कुणी शंका घेत नसे. जास्त बर्फ म्हणजे जास्त चांगला माल.

लग्न होऊन मी मस्कतला निघाले तेव्हा ती बंदरावरच होती, टोपली सोडून आली नाही. वडील एस. टी.पर्यंत आले. ते म्हणाले, "गेलीस तर तिथली हो. अर्धी इकडं, अर्धी तिकडं राहू नको. असली माणसं दोन्हीकडे पाहुणीच राहतात." मला तेव्हा राग आला होता. मुलगी परदेशी चालली आणि बाप असं बोलतो!

मस्कतच्या हमरिया भागात एका खोलीत संसार मांडला. खाली शिंप्याचं दुकान, वर आम्ही आणि दोन केरळी कुटुंबं. नवरा एसीची कामं करायचा. तो गेला तेव्हा गावचे सगळे म्हणाले, परत ये. मी गेले नाही. आता मुलगा सुरेशकडे, मस्कतमध्येच अल हैलला राहते. सुरेश एका मासळीच्या कंपनीत शीतगृहाची यंत्रं बघतो. म्हणजे तीन पिढ्या थंडीवरच जगलो, आईचा बर्फ, नवऱ्याचा एसी, मुलाचं शीतगृह. त्यामुळे औषध थंड ठेवायचं आहे म्हटल्यावर आम्हाला कुणाला विचारावंसं वाटलंच नाही.

नूरियाची ओळख मस्कतलाच, हॉस्पिटलात झाली. ती मामाच्या उपचारासाठी आली होती, माझ्या शेजारच्या बाकावर बसली आणि मला हिंदीत म्हणाली, "तुम्ही महाराष्ट्राच्या ना?" ही पुण्यात नर्सिंग शिकलेली. तिथल्या हॉस्पिटलात झाडूपोछा करणाऱ्या बायकांना मावशी म्हणतात, तो शब्द तिने उचलला आणि मला चिकटवला. मी म्हटलं, मस्कतला राहा, नर्स तर इथे हव्याच असतात. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शिवी दिली. "मी आले तर तिथे कोण?" एवढंच म्हणाली.

पुढे तिचा निरोप आला, इन्सुलिन संपतंय. डॉक्टरच्या चिठ्ठ्या, दोन्ही बाजूंच्या परवानग्या, सगळं तिनेच केलं होतं. आम्ही फक्त औषध न्यायचं होतं. सुरेशचा मित्र डॉमनिक, वसईचा, कुरुमच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. त्याने मासळीची चांगली जाड पेटी दिली. नूरियाने फोनवर लांबलचक बोलून पाठवलं होतं. त्यात ती मडक्यांबद्दल आणि ओल्या वाळूबद्दल काही सांगत होती. सुरेशने ते मध्येच बंद केलं.

"आये, ही बाई आपल्याला माठ न्यायला सांगतेय," तो हसत म्हणाला. "आपल्याकडे एवढी मशिनं असताना!"

डॉमनिक म्हणाला, "काकी, पापलेट दोन दिवस टिकतं या पेटीत. औषधाला काय होतंय?"

त्यांनी बर्फ ठासून भरला. मीही बघून मान हलवली. भराई उत्तम होती, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मासळीसाठी.

तर आता हद्दीवर, पेटीजवळ. सुरेश म्हणाला, "वाटेत लागलेल्या सलाला शहरात परत जाऊ, नवीन घेऊ, या खेपेला बर्फावर कापड घालू."

नूरिया चिडली. तिला चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "तुमचं कापड, तुमचा बर्फ! माझ्याकडे वीज येते तेव्हा येते. तुमची पेटी पोचल्यावर मी तिच्यात बर्फ कुठून घालू? माझं इन्सुलिन मडक्यात राहतं. मोठं मडकं, त्यात लहान, मध्ये ओली वाळू. माझ्या दवाखान्यातली सगळी पोरं त्यावर जगतात. मी सांगितलं होतं."

सुरेशने पेटी उचलून गाडीत टाकली. तो यंत्राशी वाद घालू शकतो, खऱ्या गोष्टीशी नाही.

मी विचारलं, "आता काय करायचं ते तू सांग. तू म्हणशील तसंच करू."

मग तिने भराभर सांगितलं. हद्दीजवळच्या बाजारातून मडकी घ्या, एकात एक बसणारी. सलालात औषध घ्या, ती दुकानाला फोन करून ठेवते. समुद्राजवळ हवा दमट, तिथे मडकं गार होत नाही, तोवर गाडीचा एसी लावा. डोंगर ओलांडला की हवा कोरडी, तिथे एसी बंद करा, काचा उघडा, मडक्याला वारा लागू द्या आणि वाळू ओली ठेवा. "आणि नाका बंद व्हायच्या आत या. यल्ला, निघा!"

आम्ही गेलो. दुकानदाराने औषध तयार ठेवलं होतं, ते लहान मडक्यात बसवलं, वर ओलं फडकं. मडकं मी पायांत धरून बसले. डोंगर चढून पलीकडे उतरलो तसा सुरेशने एसी बंद केला. आयुष्य एसीत गेलेला माणूस, कपाळावरून घाम पुसत काचा खाली करत होता. बाहेरचा वारा म्हणजे भट्टीचं तोंड. माझे ओठ फुटले. मी बाटलीतलं पाणी वाळूवर शिंपडत राहिले, स्वतःला प्यायला ठेवलेलंही.

"आये, तू तरी पी थोडं."

"गाडीकडे बघ तू."

थोड्या वेळाने मी फडक्याखाली हात घातला. बाहेर कढई तापावी तसं ऊन आणि आत विहिरीच्या कडेला लागतो तसा गारवा. बर्फासारखा नाही. हवा तेवढाच. मी सुरेशचा हात धरून आत लावला. तो म्हणाला, "आयला!" आईसमोर तो असं बोलत नाही. मी पुन्हा वाळूवर पाणी शिंपडलं.

नाक्यावर नूरिया रस्त्याच्या मधोमध उभी होती. शिपाई तिला बाजूला व्हायला सांगत होता आणि ती होत नव्हती. तिने मडक्यात हात घातला, बाटली काढली, उन्हात धरून उलटी केली. औषध पाण्यासारखं वाहिलं. हनानच्या आईने ते पाहिलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि जोरात हलवले. रडली-बिडली नाही. तिला घाई होती. मडकं तिनेच डोक्यावर घेतलं आणि दोघी चालत पलीकडे गेल्या. आमच्या गावच्या बायका हंडा नेतात तशी ती मडकं न हलू देता गेली.

तेव्हापासून आम्ही मालक नाही, हमाल आहोत, आणि मला त्याचा अभिमान आहे. नूरिया सांगते, आम्ही नेतो. हमरियातल्या बायकांनी हौसेने लोकरीच्या टोप्या विणल्या, नूरियाने परत पाठवल्या. बायका रुसल्या. मी म्हटलं, रुसा, पण सुया आणि हातमोजे द्या. दिले. डॉमनिक आता बाजारात मडकी टिचक्या मारून निवडतो आणि वसईच्या पोरांना शिकवतो. सुरेशच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, एकदा विचारलं, शीतगृहाचा माणूस माठ कशाला नेतोय? सुरेश म्हणाला, साहेब, तिथे तेच चालतं. आणि तिथे खरोखर चालतं. तो दवाखाना कुठल्या मोठ्या देशातल्या साहेबांचा नाही. तिथल्याच नर्सेस, तिथलाच एक जुना कंपाउंडर, आणि दाराशी तिथल्याच बायका. बाँब पडले, वीज गेली, रस्ता तुटला, दार बंद झालं नाही.

गावाहून फोन येतो. अजून किती दिवस परमुलखात राहणार, विचारतात. नातवंडं इंग्रजीत बोलतात, माझ्या मराठीला हसतात, तेही ऐकते. मला गावचं घर आठवत नाही असं नाही. पण वडील बोलले ते मला आता पटलं आहे. मी इथली झाले. जिथे माझ्या हाताची गरज पडते आणि लोक तोंडावर चूक सांगतात, ते माझं घर. त्यात अल हैल आलं, हमरिया आलं, आणि हद्दीपलीकडची ती दोन खोल्यांची जागाही आली, जिथे मी कधी पाऊल ठेवलं नाही.

त्या संध्याकाळी नूरिया पोचली तेव्हा हनान डोळे उघडत नव्हती. दुसऱ्या दिवशी नूरियाने फोन केला आणि फोन पोरीच्या तोंडाशी धरला. ती अरबीत काहीतरी भराभर बोलली. नूरिया म्हणाली, "मावशी, ती विचारतेय, आज तरी भात मिळणार का?"

हनान जगली. आता ती शाळेत जाते आणि इन्सुलिन स्वतः टोचून घेते.