अधिक महिना आणि न्यूझीलंडची कॅम्परव्हॅन

गेल्या रविवारी सकाळी प्रभादेवीच्या आमच्या घरात पलंगभर न्यूझीलंड पसरलं होतं. नकाशा, लॅपटॉप, रंगीत पेनं... आणि मधोमध मांडी घालून बसलेला माझा नवरा, सुहास.

आठ दिवसांची ट्रिप. कॅम्परव्हॅन, म्हणजे आत पलंग, शेगडी, बेसिन सगळं असलेली गाडी. समुद्राच्या कडेकडेने जायचं. वाळूत खड्डा खणला की गरम पाणी लागतं असा एक किनारा आहे, तिथे पाय बुडवून बसायचं. मग खदखदणारा चिखल, मग ते ज्वालामुखी, आणि शेवटी पश्चिमेची काळी वाळू. मुक्काम कुठे, पाणी कुठे भरायचं, पिठलं कोणत्या दिवशी... सगळं ठरलं होतं.

घाई का, ते सांगते. सुहासच्या डोळ्यांचा पडदा कडेने निकामी होत चाललाय. समोरचं अजून स्वच्छ दिसतं, पण बाजूचं हळूहळू पुसलं जातंय, आणि ह्यावर औषध नाही. डॉक्टर म्हणाल्या, दिवसा गाडी चालवायला सध्या हरकत नाही, पण दिवाळीनंतरचं मी काही सांगू शकत नाही.

मला गाडी येत नाही. दोनदा क्लास लावला, दोन्ही वेळा मास्तरांनी हात जोडले.

म्हणून सप्टेंबर. आमच्या साहेबांचा हिशोब असा, की गणपती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात, म्हणजे यंदा ऑगस्टमध्येच उरकतील. यंदा गावच्या घरी गणपतीची पाळी आमची. तीन भाऊ, एकच गणपती, आणि ज्याची पाळी त्याने जोडीने पूजेला बसायचं. ते सगळं करून आरामात विमानात बसू, असं म्हणत त्याने नवीन कॅलेंडर घरात यायच्या आधीच व्हॅन बुक करून टाकली.

तर रविवारी फोन वाजला. गावाहून, मोठ्या जाऊबाईंचा. गणपतीला गावी यायची आमची गाडीची तिकिटं झाली का विचारायला. मी मोठ्या तोऱ्यात ऑगस्ट म्हणाले, तर त्या हसायलाच लागल्या.

"गो, कॅलेंडर बघलंस काय? औंदा अधिक महिनो आसा! गणपती सप्टेंबरात."

मी स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडरची पानं उलटली. नेमके आमच्या ट्रिपच्या मधोमध गणपती बसलेले. कोकणातल्या माणसाने अधिक महिना विसरावा... ह्याला काय म्हणायचं?

मी सुहासवर ओरडले. खूप ओरडले. आधी जावं तर तिकडे कडाक्याची थंडी आणि बर्फ, नंतर जावं तर ह्याचे डोळे. तो नुसता नकाशाची घडी घालत बसला. मग मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. देवाचा राग आला, ह्याचा आला, पंचांग करणाऱ्यांचाही आला.

दुपारी सुहासने मोठ्या भावाला फोन करून सगळं सांगितलं, तर दिराने माझी समजूत घातली, की आपला सह्याद्रीपण ज्वालामुखीचाच दगड आहे आणि समुद्र तर दारातच आहे. असं सांत्वन करणाऱ्या माणसांना काय करावं मला खरंच कळत नाही.

संध्याकाळी जाऊबाईंचा पुन्हा फोन. सगळं त्यांना कळलं होतं, डोळ्यांचंसुद्धा. म्हणाल्या, "पाळी आमी करतो. तुमी दोघा जावन येवा. देवाक गाराणा घालूया, तो समजान घेयत."

गुडघे दुखत असताना, सलग दुसऱ्या वर्षी सगळा पसारा अंगावर घ्यायला ती बाई तयार झाली. मी फोन ठेवला आणि पळत जाऊन सुहासला म्हटलं, जमलं! काढ तो नकाशा!

तो म्हणाला, "नको गं."

मला वाटलं, देवाला घाबरला. तसं नव्हतं. तो म्हणाला, "तिथे मी आठ दिवस फक्त रस्ता बघणार. बाजूचं मला दिसत नाही. डोंगर तू बघणार, समुद्र तू बघणार, आणि मी समोरचं डांबर. आता जे काही दिसतंय ना, ते मला डांबरावर नाही घालवायचं. घरातली सगळी एकत्र आरतीला उभी असतात, ती बघायचीयत. तुला बघायचंय."

मी म्हटलं, "आणि मला ज्वालामुखी बघायचा होता त्याचं काय?"

ह्यावर त्याने घडी घातलेला नकाशा कपाटात ठेवला. मग म्हणाला, "ते मी नाही देऊ शकत तुला. सॉरी."

व्हॅन कॅन्सल केली. बटण मीच दाबलं, त्याला ते स्क्रीनच्या कोपऱ्यात सापडत नव्हतं.

जे होतं ते चांगल्यासाठी होतं, असं मी म्हणणार नाही. कमेंटमध्ये कुणी म्हणूही नका, प्लीज. मला जायचं होतं. फार जायचं होतं. आणि दिवाळीनंतर काय, हा विचार रोज येतो.

जाऊबाई फेसबुकवर नाहीत, तरी त्यांचे आभार इथे मानते. न मागता सोडवायला आलेलं माणूस फार थोड्यांना मिळतं.

आणि एक. इतकी वर्षं जेवायला आम्ही शेजारीशेजारी बसतो, दोघांची तोंडं टीव्हीकडे. काल मी माझी खुर्ची उचलली आणि त्याच्या बरोब्बर समोर नेऊन ठेवली.