बाकावरचे यजमान

लखनऊच्या चौकात, एका पिढीजात चहाच्या दुकानाशेजारच्या होमस्टेत मी पुण्याहून एकटीच उतरले होते. नाश्ता भाड्यातच होता, तरी रोज सकाळी चहाचा वास मला शेजारी ओढून न्यायचा. बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ लगेच सरकून जागा करायचे आणि आपला बन-मक्खन मोडून मोठा तुकडा माझ्यापुढे धरायचे. "लीजिए! मेहमान अकेले चाय पिए, तो शहर की नाक कटती है." मला वाटलं, दुकान यांचंच.

शेवटच्या सकाळी तसं म्हटलं, तर खळखळून हसले. "अरे नहीं, हम तो कानपुर के हैं. आप ही के होमस्टे में ठहरे हैं, ऊपरवाले कमरे में."

तेवढ्यात होमस्टेत नवीनच उतरलेलं एक जोडपं बिचकत दुकानात आलं. आजोबांच्या आधी मीच, पक्की पुणेकर, बाकावर सरकले आणि माझा बन मोडून मोठा तुकडा पुढे केला.