जळीत वॉर्डातला लाल साबण

मंडळी, आज कॉलनीच्या फळ्यावर एक गंभीर तक्रार मांडतोय. हात धुऊन धुऊन माझ्या पोळीलाही लाल साबणाचा वास येतो.

स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली माझी बायको महिनाभर जळीत वॉर्डात आहे. तिच्या जखमेत पुन्हा पुन्हा शिरणारे जंतू कुठल्याच इंजेक्शनला दाद देईनात. मी मात्र रोज प्रत्येक पेशंटचा हात हातात घेऊन विचारपूस करत तिच्यापर्यंत पोचायचो.

सिस्टर म्हणाल्या, "काका, माया घरी ठेवून या. तुमच्या हातावरून जंतू खाटोखाट फिरतात."

मी भांडलो, मग सगळ्यांचे हात धरणं सोडून वॉर्डाच्या दारातच लाल साबणाने हात धुऊ लागलो.

आज रिपोर्ट आला. जखम स्वच्छ आहे. बायको म्हणाली, "तुमचा लोकसंपर्क सुटला आणि मी सुधारले."

आजाऱ्याला भेटताना तुम्ही हात धुता का?

आज वॉर्डातून निघताना मी देवळाली कॅम्पाच्या बाजारातून आणलेली नवी लाल साबणवडी सिस्टरांच्या बेसिनवर गुपचूप ठेवली.